डॉक्टर, विचारा आणि बघा

प्रति,
स्त्रीरोगतज्ज्ञ, फॅमिली डॉक्टर, त्वचारोगतज्ज्ञ आणि रजोनिवृत्तीची खास क्लिनिकं चालवणारी डॉक्टर मंडळी यांस,

नमस्कार.

पंचेचाळिशी ओलांडलेल्या बायकांच्या आरोग्य तपासणीचा एक फॉर्म परवा माझ्या हातात आला. चांगला जाडजूड आहे. गुडघे दुखतात का, झोप लागते का, चिडचिड होते का, दात किती शाबूत आहेत, चष्म्याचा नंबर कधी बदलला, सगळं विचारलंय. शेवटच्या पाळीची तारीखसुद्धा विचारली आहे. पण ती पाळी जिथून येत होती, त्या जागेचं आता कसं चाललंय हा प्रश्न कुठेच नाही. खाज, आग, कोरडेपणा, लघवीची जळजळ, संबंधाच्या वेळी दुखणं यांतला एक शब्द नाही. फॉर्म कुणा शिकाऊ कारकुनानं खरडलेला नाही, तज्ज्ञांच्या समितीनं केल्याचं खाली छापलंय. म्हणजे समितीतल्या कुणालाच हा प्रश्न सुचला नाही, किंवा सुचला आणि गाळायचं ठरलं. या दोन्हींपैकी काहीही झालं असलं तरी मला ते गुपचूप गिळता येत नाही, म्हणून हे पत्र. टीका म्हणून वाचलंत तर हरकत नाही. तुमच्याबद्दल राग आहे असं मात्र समजू नका, कारण पुढेमागे मला तुमच्याकडेच यायचं आहे.

पाळी थांबून मला काही वर्षं झाली. गरम वाफा आल्या आणि गेल्या. झोपेची घडी विस्कटली, पुन्हा बसली. हे होणार हे मला आधीपासून ठाऊक होतं, कारण त्यावर तुम्ही बोलता, लिहिता, व्याख्यानं देता. जे कुणीच सांगितलं नव्हतं ते पुढे सुरू झालं. योनीभोवतीची त्वचा टिश्यू पेपरसारखी झाली. लघवीनंतर पुसलं की चरचरायचं. कपड्याची शिवण जिथे टेकते तिथे संध्याकाळपर्यंत लाल रेघ उमटलेली असायची. खुर्चीत एका बाजूला भार देऊन बसायचं आणि कुणी विचारलं तर कंबर धरलीय म्हणून सांगायचं. नवऱ्यानं जवळ घेतलं की अंग आधीच आक्रसायचं, कारण पुढे काय दुखणार ते अंगाला माहीत होतं. यातलं काहीच जीवघेणं नाही. पण माणूस दिवसातून सहा-सात वेळा लघवीला जातो, आणि प्रत्येक वेळी हे दुखणं हजेरी घेतं. अशानं बाई हळूहळू पाणी कमी प्यायला लागते, चालायला जाणं टाळते, आणि घरच्यांना वाटतं की हिचा स्वभाव बदललाय.

आता माझी गाऱ्हाणी.

पहिलं आणि सगळ्यात मोठं म्हणजे तुम्ही विचारत नाही. ‘बायका स्वतःहून सांगत नाहीत’ असं तुमच्या बाजूनं नेहमी म्हटलं जातं. रक्तदाब तरी कोण स्वतःहून सांगतं? तुम्ही दंडाला पट्टा गुंडाळता आणि मोजता. इथे तर पट्टाही लागत नाही, एक वाक्य पुरतं. ते वाक्य तुमच्या तोंडून आलं तर बाईला कळतं की हा बोलण्यासारखा विषय आहे. नाही आलं तर ती समजते की हे आपलं आपण निस्तरायचं.

शास्त्र अपुरं आहे म्हणून तुम्ही गप्प आहात, असंही नाही. २०१४ मध्ये स्त्रियांच्या लैंगिक आरोग्यावर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आणि उत्तर अमेरिकेतली मेनोपॉज सोसायटी यांनी मिळून या सगळ्या त्रासाला ‘जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज’ असं नाव दिलं. योनी, तिच्याभोवतीची त्वचा, मूत्रमार्ग आणि मूत्राशय हे सगळे भाग इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनवर पोसलेले असतात, म्हणून ते कमी झालं की सगळेच एकदम कुरकुरायला लागतात. अस्तर पातळ होतं, रक्तपुरवठा घटतो, ताण सोसायची ताकद जाते. अस्तराच्या पेशींत जे ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, साठतं, त्यावर लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. म्हणून पाळीच्या वयात योनीचा पीएच ३.५ ते ४.५ असा आम्ल असतो. ग्लायकोजेन आटलं की हे जिवाणू ओसरतात, पीएच ५ च्या वर चढतो, म्हणजे आम्लपणा कमी होतो, आणि नको ते जंतू मुक्काम ठोकतात. हे मी तुम्हाला शिकवत नाही. तुम्हाला हे माहीत आहे हे मला माहीत आहे, एवढंच सांगतेय.

गरम वाफा बहुतेकींच्या काही वर्षांत ओसरतात. हा त्रास मात्र उपचार केले नाहीत तर ओसरत नाही, उलट वाढत जातो. पाळी थांबलेल्या बायकांपैकी साधारण निम्म्या जणींना तो कमी-अधिक प्रमाणात होतो. एवढ्या जणींना होणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही दुखण्याबद्दल तुम्ही असे गप्प राहिला असता का? कुणी धीर करून सांगितलंच तर ‘या वयात व्हायचंच’ हे उत्तर तयार असतं. मोतीबिंदूही या वयात व्हायचाच. त्याला तुम्ही व्हायचंच म्हणून सोडून देता का?

दुसरं गाऱ्हाणं, न बघता चिठ्ठी लिहिण्याचं. मी खाज म्हटल्याबरोबर टेबलापलीकडूनच बुरशीवरचं मलम लिहून मिळालं. त्यानं उतार पडला नाही तेव्हा दुसऱ्या कंपनीचं तसलंच मलम मिळालं. पडद्यापलीकडे तपासणीचं टेबल होतं, त्यावर चादरही घातलेली होती. आता साधी गोष्ट बघा. या बुरशीला इस्ट्रोजेन मानवतं. पाळी थांबलेल्या, हार्मोन न घेणाऱ्या, मधुमेह नसलेल्या बाईत तिचा संसर्ग तरुण बाईपेक्षा पुष्कळ कमी दिसतो. म्हणजे माझ्या वयात खाज म्हटल्यावर बुरशी हा पहिला अंदाज नसायलाच हवा. निदान नमुना तपासल्याशिवाय दुसऱ्यांदा तेच औषध तर नकोच. आधीच पातळ झालेल्या त्वचेवर नको ते मलम चोळत राहिलं की मलमातल्या घटकांचीच ॲलर्जी व्हायची पाळी येते.

न बघण्याची खरी किंमत मोजली ती माझ्या थोरल्या बहिणीनं. तिला रात्री अंथरुणाला पाठ टेकली की खाज सुटायची, झोपेतून उठून बसायची. तिलाही आधी मलमं, मग ‘मानसिक असेल’ हा शेरा मिळाला. शेवटी एका डॉक्टरांनी दिवा जवळ घेऊन नीट पाहिलं. योनीभोवती आणि गुदद्वाराभोवती पांढुरके, चकचकीत, सुरकुतलेले चट्टे होते, आतले ओठ झिजून बाहेरच्यांना चिकटत आले होते. लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचारोग. हा संसर्ग नाही, तो कुणाकडून लागत नाही आणि कुणाला लागतही नाही. पाळी थांबल्यानंतरच्या वयात तो जास्त दिसतो. त्यावर क्लोबेटासॉल ०.०५ टक्के हे तीव्र स्टिरॉइड मलम आहे. नेहमीची पद्धत अशी की महिनाभर रोज, मग महिनाभर एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, आणि पुढे गरजेप्रमाणे चालू ठेवायचं. औषध दुर्मीळ नाही, निदान अवघड नाही, शंका आली तर छोटीशी बायोप्सी करता येते. पण वेळेत उपचार झाले नाहीत तर त्वचेची झालेली मोडतोड परत जुळत नाही, आणि थोड्या जणींत, पाच टक्क्यांहून कमी, तिथे कॅन्सर होऊ शकतो. इतकं सगळं एका नजरेवर अवलंबून होतं.

आणि एक. ते मलम घेऊन ताई घरी आली, पाकिटातला कागद वाचला, त्यावर लिहिलं होतं की नाजूक जागी लावू नये. तिनं ते ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. दोष कुणाचा म्हणायचा? ‘कागदावर असं लिहिलेलं असेल, तरी तुम्ही लावा, बोटाच्या पेरावर एवढं घ्या, या जागी लावा’ हे सांगायला एक मिनिटही लागत नाही.

तिसरं गाऱ्हाणं थोडक्यात सांगते, कारण ते तुमच्या आपसातलं आहे. ही त्वचा कुणाची? त्वचारोगतज्ज्ञ म्हणतात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणतात आत सगळं ठीक आहे, ही स्किनची तक्रार दिसते. फॅमिली डॉक्टर दोघांच्या चिठ्ठ्या वाचून जीवनसत्त्वं लिहून देतात. तुमचं काय ते एकदा ठरवून टाका. बाईला मधल्या मध्ये फिरवू नका.

चौथं, लघवीचं. वारंवार जळजळ होते म्हणून बाई येते, तुम्ही अँटिबायोटिकचा कोर्स देता, ती बरी होते, पुन्हा येते, पुन्हा कोर्स. मुळाशी काय चाललंय हे बघायला हवं, असं १९९३ सालापासून कागदावर आहे. त्या वर्षी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाळी थांबलेल्या ९३ बायकांवरचा एक अभ्यास छापून आला. ज्यांनी योनीत एस्ट्रिऑल या इस्ट्रोजेनचं क्रीम वापरलं त्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा लघवीचा संसर्ग झाला, ज्यांना नुसतं नकली क्रीम दिलं होतं त्यांना ५.९ वेळा. अमेरिकेतल्या युरॉलॉजिस्टांच्या संघटनेनं २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा बायकांना योनीतून द्यायच्या इस्ट्रोजेनची शिफारस केली. तरी आजही कितीतरी जणी अँटिबायोटिकच्या फेऱ्यांतच अडकलेल्या आहेत. वर प्रतिजैविकांचा वापर जपून करा म्हणून जगभर पोस्टर लावली जातात ती वेगळीच.

पाचवं गाऱ्हाणं भीतीचं. २००२ मध्ये ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (दुसरं एक हार्मोन) एकत्र देण्याचा भाग मध्येच थांबवला गेला, आणि तेव्हापासून इस्ट्रोजेन म्हटलं की कॅन्सर असं समीकरण बसलं. पण तो अभ्यास तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचा होता. योनीत ठेवायची १० मायक्रोग्रॅमची इस्ट्राडिऑलची, म्हणजे एका प्रकारच्या इस्ट्रोजेनची, गोळी ही वेगळी गोष्ट आहे. पहिले दोन आठवडे रोज एक, मग आठवड्यातून दोन, असा वर्षाचा हिशेब केला तर सगळ्या गोळ्या मिळून सव्वा मिलिग्रॅमही भरत नाहीत. तोंडाने घ्यायची इस्ट्राडिऑलची एकच गोळी बहुधा एक किंवा दोन मिलिग्रॅमची असते, तीही रोज. तरी कित्येक वर्षं दोन्हींच्या पाकिटात अमेरिकेत तोच काळ्या चौकटीतला इशारा छापला जात होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं तो काढायला सुरुवात करत असल्याचं जाहीर केलं. ब्रिटनमध्ये तर २०२२ पासून ही १० मायक्रोग्रॅमची गोळी पन्नाशीपुढच्या, पाळी थांबलेल्या बायकांना फार्मासिस्टशी बोलून चिठ्ठीशिवाय मिळू शकते.

याचा अर्थ ही गोळी सगळ्यांना वाटत सुटा असा मी लावत नाही. पाळी थांबल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी आधी त्याचा तपास व्हायला हवा, हे मला कळतं. स्तनाचा कॅन्सर झालेल्या बाईनं आधी हार्मोन नसलेले उपाय करावेत आणि नाहीच भागलं तर तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलून पुढचं ठरवावं, हेही कळतं. अशा बायकांना तर तुम्ही सगळ्यात आधी विचारायला हवं. कॅन्सरच्या काही औषधांमुळे, केमोथेरपीमुळे किंवा अंडाशय काढून टाकल्यामुळे त्यांची पाळी एका झटक्यात जाते, त्वचेला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. त्यांना काय ऐकायला मिळतं? जीव वाचला ना, मग झालं. जीव वाचला म्हणून बाकीचं अंग परकं होत नाही.

आणि सगळ्यांना हार्मोन लागतंच असंही नाही. २०१८ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये ३०२ बायकांचा एक अभ्यास आला. इस्ट्राडिऑलची गोळी, योनीत लावायचं मॉइश्चरायझर आणि नकली औषध, यांत बारा आठवड्यांनी सगळ्यात त्रासदायक लक्षणात पडलेला फरक जवळपास सारखाच निघाला. म्हणजे कुणाला काय लागू पडेल हे तिच्याशी बोलून, करून बघूनच ठरवावं लागतं. त्यासाठी आधी बोलावं लागतं, आणि इथे आपण फिरून पहिल्या गाऱ्हाण्यावर येतो.

सहावं गाऱ्हाणं खरं तर बाजारावर आहे, पण ते तुमच्या नावावर मांडतेय. तुम्ही जी जागा रिकामी सोडलीत ती जाहिरातींनी भरली. ‘इंटिमेट वॉश’, ‘फ्रेशनेस वाइप्स’, सुगंधी लायनर. सुगंध नेमका कुणासाठी, हे मला अजून उमगलेलं नाही. बाटलीवर ‘पीएच संतुलित’ असं ठळक लिहिलेलं असतं. बाहेरून धुण्याच्या द्रवाचा पीएच कितीही बरोबर असला तरी आतलं आम्ल तयार करणारे जिवाणू त्यानं परत येत नाहीत. त्यांना ग्लायकोजेन लागतं, आणि ते इस्ट्रोजेनमुळे साठतं. ओल्या वाइप्स टिकाव्यात म्हणून त्यांत संरक्षक रसायनं घालतात. त्यांतल्या मिथाइलआयसोथायाझोलिनोनला अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचारोगांच्या संघटनेनं २०१३ सालचं ‘ॲलर्जन ऑफ द इयर’ ठरवलं होतं. पुरस्कार म्हणून नव्हे. कोरड्या, चिरलेल्या त्वचेवर ही रसायनं, वर अत्तर. मग आग वाढली की बाईला वाटतं आपणच अस्वच्छ आहोत, आणि ती आणखी घासते.

त्याच्या पुढची पायरी लेसरची. ‘योनीचं पुनर्यौवन’ नावानं हे विकलं जातं, विकणाऱ्यांत तुमच्यापैकीही काही जण आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं जुलै २०१८ मध्येच इशारा दिला होता की या कामासाठी या उपकरणांची सुरक्षितता आणि उपयोग सिद्ध झालेला नाही, भाजणं, व्रण पडणं आणि कायमचं दुखणं मागे लागू शकतं. २०२१ मध्ये ‘जामा’मध्ये आलेल्या चाचणीत कार्बन डायऑक्साइड लेसर आणि लेसरचं नुसतं नाटक यांत बारा महिन्यांनी फरक आढळला नाही. ज्या दवाखान्यात पन्नास रुपयांचं मलम सुचवलं जात नाही तिथे लेसरचं पॅकेज मात्र तक्त्यासकट समजावून सांगितलं जातं, हे कसं काय?

सातवं गाऱ्हाणं मला सगळ्यात जास्त सलतं, कारण यात औषधसुद्धा लागत नव्हतं. रोजची काळजी कशी घ्यायची, हे कुणी सांगितलंच नाही. मी ते तुकड्यातुकड्यानं गोळा केलं. एका शहाण्या नर्सबाईंनी हातात आरसा देऊन कुठे काय ते दाखवलं, थोडं वाचून कळलं, थोडं त्वचेनंच शिकवलं. एका कागदावर मावेल एवढं आहे, आणि तो कागद तुमच्या टेबलावर असायला हवा होता.

बाहेरची जागा दिवसातून एकदा साध्या कोमट पाण्यानं धुवायची, हातानं, घासणी किंवा स्पंज नको. साबण नकोच. पाणी पुरेसं वाटत नसेल तर बिनवासाचं, फेस न होणारं साधं इमोलियंट, म्हणजे त्वचा मऊ ठेवणारं क्रीम, वापरायचं. आत काहीही घालून धुवायचं नाही, योनी स्वतःची सफाई स्वतः करते. अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक ओतायचं नाही, झाडपाल्याचं तेल लावायचं नाही, भले ते नैसर्गिक असेल. पुसायचं नाही, मऊ कपड्यानं टिपायचं. त्वचा चुरचुरत असेल तर बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर द्यायचा. लघवी निसटत असेल, पोहायला जायचं असेल किंवा लांब चालायचं असेल तेव्हा तर नक्कीच. लघवी निसटते म्हणून पाळीचे पॅड लावून फिरू नये. ते रक्तासाठी बनवलेले असतात, लघवी वर राहते आणि त्वचा भिजत पडते. त्यासाठीचे वेगळे पॅड मिळतात, तेही वेळच्या वेळी बदलावे लागतात. लायनर रोज लावायची सवय असेल तर सोडावी. आतले कपडे सुती, सैल. कपडे धुताना सुगंधी सॉफ्टनर नको.

मॉइश्चरायझर आणि ल्युब्रिकंट यांतला फरक मला पन्नाशीनंतर कळला, आणि तो तुमच्याकडून कळला नाही. मॉइश्चरायझर हे आठवड्यातून दोन-तीनदा नेमानं लावायचं, संबंधांशी त्याचा काही संबंध नाही. एकटी राहणारी, विधवा, ऐंशीची आजी, कुणालाही ते लागू शकतं. हायल्युरोनिक आम्लाचं मिळतं, पॉलिकार्बोफिलचं मिळतं. ल्युब्रिकंट फक्त त्या वेळेपुरतं असतं. कंडोम वापरत असाल तर तेलकट ल्युब्रिकंट किंवा पेट्रोलियम जेली चालत नाही, लेटेक्स कमजोर होतं. पाण्याचा किंवा सिलिकोनचा आधार असलेलं घ्यावं. पाण्याच्या आधाराचं म्हणून कुठलंही उचलायचं नाही. ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल भरपूर असलेली ल्युब्रिकंट त्वचेच्या पेशींतलं पाणीच ओढून घेतात. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं होतं की ल्युब्रिकंटची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या पदार्थांची दाटी, १२०० च्या वर नसावी, ३८० च्या आत असेल तर उत्तम. हा आकडा बाटलीवर क्वचितच असतो. तुम्ही कंपन्यांना विचारलंत तर छापतील, मी विचारून काय होणार? आणि ‘उष्णता देणारं’, ‘मिंट’ वगैरे लिहिलेलं दिसलं तर बाटली तिथेच ठेवून द्यावी.

हे सगळं मला कुणी पहिल्या भेटीत सांगितलं असतं तर काही वर्षांची चरचर टळली असती.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत आणि खर्चिक तर मुळीच नाहीत.

पाळी अनियमित व्हायला लागलेल्या किंवा थांबलेल्या प्रत्येक बाईला हा प्रश्न विचारा: खाली कोरडेपणा, खाज, आग, लघवीचा त्रास, संबंधांच्या वेळी दुखणं, यांतलं काही आहे का? लग्न झालंय की नाही, नवरा आहे की नाही हे बघून ठरवू नका. त्वचा सगळ्यांनाच असते. तोंडी विचारायला अवघड वाटत असेल तर फॉर्मवर छापा आणि चौकटीत खूण करू द्या.

न बघता बुरशीचं औषध देऊ नका. बाई तयार असेल तर बघा, तयार नसेल तर का बघायचं ते समजावून सांगा. लहान मापाचा स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडून आत बघायचं साधन, ठेवा, त्याला ल्युब्रिकंट लावा, आणि ‘थांबा’ म्हटल्यावर थांबा. बाहेरची त्वचा बघायला तर स्पेक्युलम लागतही नाही, चांगला दिवा पुरतो. लगेच तिच्या हातात आरसा द्या. आपल्या अंगाची तक्रार कुठे आहे हे तिला दिसू द्या.

पांढरे चट्टे, भरून न येणारी चीर, गाठ किंवा फोड दिसला तर कुणी कुणाकडे पाठवायचं हे आपसात ठरवून ठेवा, आणि चिठ्ठीवर त्या डॉक्टरांचं नाव लिहा. ‘स्किनवाल्यांना दाखवा’ एवढ्यावर भागवू नका.

वर्षात तीनदा लघवीचा संसर्ग घेऊन आलेल्या, पाळी थांबलेल्या बाईशी पुढचं अँटिबायोटिक लिहिण्याआधी योनीतून द्यायच्या इस्ट्रोजेनबद्दल बोला. नको म्हणायचा हक्क तिचा आहे, पण पर्याय आहे हे तिला कळायला हवं.

औषध दिलंत तर त्याची पूर्ण गोष्ट सांगा: कुठे लावायचं, किती घ्यायचं, गुण यायला काही आठवडे लागतात, सोडलं की त्रास परत येऊ शकतो, आणि पाकिटातल्या कागदावरच्या भीतिदायक ओळींपैकी आपल्याला कुठली लागू आहे, कुठली नाही. तीन महिन्यांनी परत बोलवा. गुण आला नसेल तर आपलं निदान चुकलं असेल का, हे आधी तपासा, मग बाईच्या मनाचा विचार करा.

लेसर विकत असाल तर २०१८ चा इशारा आणि २०२१ ची चाचणी पॅकेजच्या तक्त्याशेजारी लावा.

आणि तुमच्या परिषदांमध्ये हा विषय शेवटच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर ठेवू नका. मी एकदा श्रोत्यांत बसले होते. हॉलमध्ये रिकाम्या खुर्च्याच जास्त होत्या.

या पत्राचं उत्तर मला एकटीला पाठवू नका. मान्य असेल ते आणि नसेल तेही लिहून वेटिंग रूमच्या भिंतीवर लावा, म्हणजे आत येण्याआधीच बाईला कळेल की इथे काय बोलता येतं.

आपली,
पाळी थांबलेली, तक्रार न थांबलेली एक पेशंट